एकच लोकवन, दोन वावरं: डिसेंबरचा गहू इतक्या लवकर का निसवला?

मोहाडी_शिवार (ता. दिंडोरी), ५ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. गव्हाचं विचारायचंय. ज्यांच्या घरात वर्षानुवर्षं गहू आहे त्यांनी जरा सविस्तर सांगावं.

माझी दोन वावरं शेजारी शेजारी आहेत, मध्ये फक्त एक बांध. जमीन दोन्हीकडे मध्यम काळी. खालच्या वावरात सोयाबीन होतं. ते निघाल्यावर पाणी देऊन, वाफसा (पेरणीजोगी ओल) आल्यावर ७ नोव्हेंबरला ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रानं गहू पेरला. वरच्या वावरात टोमॅटो होता. भाव बरा होता म्हणून तोडे चालू राहिले, पुढे तार-बांबू काढण्यात दिवस गेले आणि गहू पडला १४ डिसेंबरला. तेव्हा पेरणीयंत्र मिळेना, म्हणून बी हातानं फेकलं, रोटा (रोटाव्हेटर) मारला, सारे (पाण्याचे वाफे) पाडले आणि पाणी सोडलं. बियाणं दोन्हीकडे लोकवन वाणाचं, एकाच दुकानातून एकाच वेळी आणलेलं.

खालचा गहू कमरेला लागतोय. एका रोपाला पाच-सहा ओंब्या आहेत, दाण्यातला चीक घट्ट व्हायला लागलाय. वरचा गहू गुडघ्याच्या थोडा वर आहे आणि त्यातच काही रोपं निसवली, म्हणजे ओंब्या बाहेर पडल्या! काही पोटरीत (ओंबी अजून पानाच्या आवरणात), काही अजून कांडीवरच (नुसता दांडा वाढतोय). फुटवे, म्हणजे बुडातून फुटणाऱ्या काड्या, दोन, फार तर तीन. माझ्याकडे जो तक्ता आहे त्यात फुलोरा ६० ते ६५ दिवसांनी लिहिलाय. इथे ५३ दिवसांतच ओंब्या बाहेर आल्या.

पाण्याचं सांगतो. वरच्या वावराला पेरल्यावर पाणी दिलं, नंतरचं पाणी द्यायला महिना झाला. पाटाचं आवर्तन पुढे गेलं आणि विहिरीवर दुसरं पीक होतं.

शेजारचे काका म्हणतात बियाणंच बोगस. पण मग खालचं वावर असं कसं आलं? आता विचारायचं ते हे: वरच्या वावराला युरियाची गोणी टाकली तर फुटवे वाढतील का? पाणी तक्त्याप्रमाणे द्यायचं की पिकाकडे बघून?

कृषीमित्र_सिन्नर

भाऊ, बियाण्याचा दोष नाही. उशिरा पेरलेला गहू असाच बुटका राहतो. एकरी एक गोणी युरिया टाका आणि लगेच पाणी द्या, हिरवागार होईल. आमच्याकडे सगळे हेच करतात.

गोदाकाठची_शेतकरीण (ता. निफाड)

दादा, युरियाची गोणी आज फोडू नका. आधी खुरपं आणि एक ब्लेड घेऊन वावरात जा. वरच्या वावरातली चार-पाच रोपं मुळासकट काढा, मुळाची माती पाण्यात धुवा. मी पुढे लिहिते ते त्या रोपांवर पडताळून बघा.

आमच्याकडे गव्हाचं बीजोत्पादन असतं. कुंदेवाडीचं गहू संशोधन केंद्र आमच्या तालुक्यातलंच. पेपरात हिवाळ्यात ‘निफाडचा पारा घसरला’ म्हणून जो आकडा येतो, तो बहुतेक वेळा त्याच केंद्रातल्या नोंदीचा असतो. त्या केंद्रानं काढलेल्या वाणांची नावं बघा: त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, पंचवटी. सगळी आपल्या नाशिकची. म्हणून मला मनापासून वाटतं की आपल्या जिल्ह्यातल्या माणसानं तरी गहू तारखेवर सोडून देऊ नये.

आता तुमच्या वरच्या वावराचं. गव्हाला दोनदा मुळं फुटतात. पहिली मुळं थेट दाण्यातून निघतात, बारीक असतात आणि रोप उगवून येईपर्यंतची सोय बघतात. नंतर जमिनीखाली दोन-तीन सेंटिमीटरवर एक गाठ तयार होते आणि तिथून जाड, पांढरी मुळं फुटतात. यांना आपण मुकुटमुळं म्हणतो. दाणा कितीही खोल पडला तरी ही गाठ वरच्या थरातच येते. आणि फुटवे येतात ते याच गाठीवरून. म्हणजे पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी जमिनीचा वरचा थर ओला नसेल, तर मुकुटमुळं कोरड्या मातीत शिरू शकत नाहीत, नुसती टोकं काढून थांबतात. मुळं थांबली की फुटवा थांबला. तुमचं ते पाणी महिन्यावर गेलं. माझ्या मते वरच्या वावराचं सगळ्यात मोठं नुकसान त्याच आठ-दहा दिवसांत झालं, उन्हानं नव्हे.

हे मुद्दाम सांगते, कारण उशिरा पेरलेल्या गव्हाचं काहीही बिघडलं की आपण उन्हाला बोल लावून मोकळे होतो. तुमच्या गव्हाचे फुटवे यायचे दिवस जानेवारीत पडले. जानेवारीत आपल्याकडे चांगली थंडी असते, आणि फुटव्याला थंडीच लागते. थंडी होती, पाणी नव्हतं.

ऊन कुठे आडवं येतं ते आता सांगते.

गहू दिवस मोजत नाही, ऊब मोजतो. डेअरीच्या वहीत रोजचं दूध चढत जातं आणि ठरावीक बेरीज झाली की बिल निघतं, तशी रोपाच्या आत रोजची ऊब जमा होत जाते. बेरीज पुरी झाली की रोप पुढच्या अवस्थेत जातं, मग दिवस कितीही झालेले असोत. हिशोब घरी करता येतो. दिवसाचं कमाल आणि रात्रीचं किमान तापमान यांची सरासरी काढायची आणि त्यातून ५ वजा करायचे, कारण तेवढ्या थंडीत गहू जवळपास वाढतच नाही. दुपारी २८ आणि पहाटे १० असेल तर सरासरी १९, म्हणजे त्या दिवसाची जमा १४. फेब्रुवारीच्या शेवटी दुपारी ३४ आणि पहाटे १५ झालं की सरासरी साडेचोवीस, जमा साडेएकोणीस. थंडीतलं चार दिवसांचं काम तेव्हा तीन दिवसांत उरकतं.

ऐकायला बरं वाटतं, पीक लवकर येतंय म्हणून. पण रोपाला त्या अवस्थेत जे कमवायचं असतं ते सूर्यप्रकाशातून कमवायचं असतं, आणि प्रकाशाचे दिवसच कमी झाले. पानं कमी, कांडी आखूड, ओंबी लहान. पंजाबात गहू १४० ते १५० दिवस उभा असतो, आपल्याकडे १०५ ते ११५. तिथला आणि आपला एकरी उतारा सारखा का नाही, याचं मोठं कारण या दिवसांच्या फरकात आहे. आपल्याला थंडी मिळते तीच मुळात थोडी. म्हणून आपण जे काही करतो, पेरणी असो, पाणी असो, खत असो, ते त्या थोड्या थंडीत बसवणं हीच नाशिकच्या गव्हाची खरी शेती.

तुमचा गहू लवकर निसवला त्याला मला तीन कारणं एकत्र दिसतात. जानेवारीच्या अखेरीस दुपारचं ऊन चढलं. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होत जातो, आणि गहू मोठ्या दिवसाला प्रतिसाद देणारं पीक आहे, दिवस लांबला की ओंबीची घाई करतं. आणि पाण्याचा ताण बसलेलं रोप आपला वंश लवकर पुढे न्यायला बघतं. बियाणं बोगस असतं तर खालच्या वावरानं तुम्हाला ते आधीच दाखवलं असतं. शेजारच्या काकांना हे एवढंच सांगा.

एकाच वावरात तीन अवस्था का, तर फेकून रोटा मारल्यामुळे. रोट्यात काही दाणे दोन सेंटिमीटरवर राहतात, काही दहावर जातात. गव्हाचा दाणा पाच-सहा सेंटिमीटरवर पडावा. कोंबाच्या टोकाला एक आवरण असतं, ते कोंबाला मातीतून वर नेतं. आपल्या बुटक्या वाणांत ते आवरण आखूडच असतं. दाणा फार खोल असेल तर ते वर पोचायच्या आत संपतं आणि पान मातीतच चुरगळतं. जी खोलातून कशीबशी वर आली ती आज कांडीवर आहेत, जी योग्य जागी पडली ती निसवली. माती जेवढी गरम तेवढं ते आवरण आणखी आखूड राहतं, म्हणून दिवाळीच्या आसपास जमीन तापलेली असताना खोल पेरणी तर मुळीच नको.

आता ब्लेड घ्या. निसवलेलं नव्हे, कांडीवरचं रोप घ्या आणि मुख्य फुटवा बुडापासून वर उभा चिरा. आत ओंबी दिसेल. ती बाहेर दिसायच्या कितीतरी आधी, कांडी धरतानाच, तिच्यावर दाण्याची किती घरं बसणार हे ठरून गेलेलं असतं. म्हणजे फुटवे किती हे पहिल्या महिना-सव्वा महिन्यात ठरतं, ओंबीची घरं किती हे ४० ते ४५ दिवसांपर्यंत ठरतं, त्यातली किती घरं भरणार हे पोटरी आणि फुलोऱ्यात ठरतं, आणि दाणा किती वजनाचा हे त्यानंतर. मागची वेळ परत आणता येत नाही. आज युरिया टाकून फुटवा येणार नाही. आलाच एखादा तर तो मार्चच्या उन्हात सापडेल, त्यात दाणा भरणार नाही आणि वर मावा (रस शोषणारी कीड) मात्र बसेल. युरियाचा दुसरा हप्ता पेरणीनंतर तीन आठवड्यांनी, खुरपणी करून, त्या मुकुटमुळांच्या पाण्याबरोबर द्यायचा असतो. वेळेवर पेरलेल्या गव्हाला राहुरी कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्राची आहे, उशिराच्याला कमी, कारण रोपाला ते वापरायला दिवसच कमी मिळतात.

जे अजून हातात आहे ते म्हणजे घरं भरणं आणि दाण्याचं वजन. त्याचं उद्या लिहिते, आत्ता मोटरीची वेळ झाली.

द्राक्षबाग_पिंपळगाव

ताई, फार छान समजावलंत. आम्ही द्राक्षवाले थंडीच्या नावानं घाबरतो. पारा उतरला की मणी तडकतात म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो. गव्हाला मात्र तीच थंडी हवी असते हे लहानपणापासून ऐकतोय. बागेच्या कडेला दहा गुंठे गहू घरापुरता असतो माझा. दोन शंका आहेत.

एक, निफाडला पारा पाच-सहाच्या खाली गेला तर गव्हाला इजा होत नाही का? आमच्याकडे काही जण सोयाबीन निघालं की ऑक्टोबरच्या मध्यातच गहू उरकून घेतात, पाणी पुरेल म्हणून. ते बरोबर आहे का?

दुसरं, उन्हाळा लागला की संध्याकाळी हलकं पाणी द्या असं सगळे सांगतात. पण थ्री फेज लाइट आमच्या भागात कधी दिवसा तर कधी मध्यरात्री. रात्री गव्हात पाणी भरायला जायचं तर बिबट्याची भीती. काय करावं माणसानं?

गोदाकाठची_शेतकरीण (ता. निफाड)

काका, तुमची पहिली शंका फार मोलाची आहे. थंडी कोणत्या अवस्थेत पडते यावर सगळं आहे. फुटव्याच्या काळात कितीही गारठा पडला तरी गव्हाचं काही बिघडत नाही, उलट तो बुडाशी पसरतो आणि फुटवे धरतो. नाजूक वेळ आहे पोटरीची. तेव्हा ओंबीच्या आत परागकण तयार होत असतात. त्या दिवसांत फार कडक थंडी पडली तरी परागकण वांझ होतात आणि ३० अंशांच्या वरचं ऊन टिकून राहिलं तरी वांझ होतात. ओंबी बाहेरून चांगली दिसते, हातात चुरगळली की मधली घरं पोकळ.

म्हणून ऑक्टोबरच्या मध्यातला बागायती गहू मला पटत नाही. तेव्हा दुपार ३२-३३ ची असते. रोप तापलेल्या जमिनीत झपाट्यानं वाढतं, फुटवे धरायला थांबत नाही, आणि पोटरीत येतं ते नेमकं डिसेंबरच्या कडाक्यात. फुटव्याला ऊन आणि परागाला गारठा, दोन्ही उलटं. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा हा कोरडवाहू गव्हासाठी आहे, कारण तिथे जमिनीतल्या ओलीवर पीक काढायचं असतं, थांबलो तर ओलच जाते. माझे सासरे काळ्या रानात असाच बन्सी गहू पेरायचे, पाभरीनं (बैलांच्या पेरणीच्या अवजारानं), पाण्याविना. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर होतं. पाणी असलेल्यानं १ ते १५ नोव्हेंबर धरावं. फुटवे डिसेंबरात, फुलोरा जानेवारीत, दाणा भरणं फेब्रुवारीच्या पहिल्या निम्म्यात. मोहाडीच्या दादांचं खालचं वावर असंच बसलंय.

पाण्याबद्दल. संध्याकाळीच हवं असं काही नाही. पाणी देण्याचा उपयोग असा की ओल्या जमिनीतून आणि पानांतून वाफ उडते आणि पिकाच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा थंड राहते. ओल टिकून असेल तर पीक स्वतःच स्वतःला थंड ठेवतं. म्हणून लाइट दिवसा असेल त्या आठवड्यात पहाटे-सकाळी पाणी भरा आणि रात्रपाळीच्या आठवड्यात वावरात जाऊ नका. गव्हाच्या चार पोत्यांपेक्षा जीव मोठा. तुमच्या दहा गुंठ्यांना बागेच्या पाइपवरून तुषार सिंचन बसवता आलं तर फारच सोयीचं, दिवसा दोन तासांत काम होतं. फक्त भर फुलोऱ्यात तुषार नको, परागावर पाणी नको.

आणि वारा बघायचाच. दाणा भरलेला, ओंबी जड, जमीन ओली आणि संध्याकाळी वारा सुटला की गहू लोळतो. लोळलेल्या गव्हाचा दाणा बारीकच राहतो, हार्वेस्टरलाही नीट घेता येत नाही.

मोहाडी_शिवार (ता. दिंडोरी)

ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आज सकाळी रोपं उपटून धुतली. वरच्या वावरातल्या रोपाला गाठीजवळ जाड मुळं आहेत, पण तीन-चारच, आणि त्यातली दोन तर बोटाच्या पेराएवढीही नाहीत. मग खालच्या वावरातलं एक उपटायला गेलो तर निघेना, कुदळ घ्यावी लागली. मुळांचा झुपका एवढा की माती सुटत नव्हती. दोन्ही रोपं ओट्यावर शेजारी ठेवून शेजारच्या काकांना बोलावलं. ते बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, बियाण्यावाल्याला उगीच बोललो.

ब्लेडनं कांडी चिरली. आत ओंबी आहे, हिरवट-पांढरी, करंगळीपेक्षा लहान. धाकट्या मुलाला दाखवली, त्यानं घरं मोजली, चौदा भरली. खालच्या वावरातल्या ओंबीला अठरा-एकोणीस आहेत. हे सगळं एवढं आधी ठरतं हे माहीतच नव्हतं.

युरिया टाकला नाही. आता पुढचं सांगा. आणि पुढच्या वर्षी टोमॅटोनंतर गहू घ्यायचाच तर कोणतं वाण घेऊ?

कृषीमित्र_सिन्नर

ताई, मुकुटमुळांचं मला एवढं खोलात माहीत नव्हतं, धन्यवाद. एक विचारतो. पाणी कमीच असेल, समजा एक-दोनच पाळ्या मिळणार असतील, तर कोणत्या अवस्थेला द्यायच्या? आमच्या सिन्नरच्या पूर्व भागात हीच अडचण असते.

गोदाकाठची_शेतकरीण (ता. निफाड)

सिन्नरच्या भाऊंना आधी. एकच पाणी मिळणार असेल तर ४० ते ४२ दिवसांनी, कांडी धरताना. दोन असतील तर पहिलं २० ते २२ दिवसांनी आणि दुसरं ६० ते ६५ दिवसांनी. तीन असतील तर या तिन्ही वेळा. विद्यापीठाची शिफारस अशीच आहे. पण पेरणी उशिराची असेल तर हे दिवस तसेच्या तसे धरू नका, अवस्था धरा. मोहाडीच्या दादांचा गहू ५३ दिवसांत निसवला, ते ६५व्या दिवसाची वाट बघत बसले तर फुलोरा कोरडाच जाईल. कमी पाण्याच्या रानाला नेत्रावती किंवा फुले सात्त्विक ही निफाडचीच वाणं बघा, ती मर्यादित पाण्यासाठीच काढलेली आहेत.

आता दादा, तुमचं वरचं वावर.

पाणी आज-उद्याच द्या, हलकं. फुलोऱ्यात ओल तुटू देऊ नका. त्यानंतरचं दाण्यात चीक भरताना. मध्यम काळ्या जमिनीत एरवी पंधरा दिवसांचं अंतर चालतं, पण ऊन वाढेल तसं ते बारा दिवसांवर आणा. दाणे भरताना गव्हाला २५ अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं. ते ३०-३५ कडे सरकलं की दाण्यात पीठ साठवणारं काम मंदावतं, भरण्याचे दिवसही आटतात, आणि रात्र गरम असेल तर दिवसा कमावलेलं रोप रात्री श्वासातच खर्च करतं. म्हणून उशिराच्या गव्हाचा दाणा बारीक, सुरकुतलेला राहतो.

पीक ५५ दिवसांचं आणि ७० दिवसांचं असताना १९:१९:१९ ची दोन टक्के फवारणी करा, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम. मुळं कमकुवत आहेत म्हणून पानातून द्यायचं. सगळ्यात वरचं पान, ओंबीखालचं, ते हिरवं ठेवायला बघा. दाण्यातला मोठा वाटा त्या एका पानाच्या आणि ओंबीच्या स्वतःच्या कमाईचा असतो. पुढे ऊन एकदम चढलं, तर कर्नालच्या गहू संशोधन संस्थेनं सांगितलेला उपाय आहे: एकरी २०० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश विरघळवून फवारायचं. पोटॅशमुळे पान पाणी धरून राहतं. हे १९:१९:१९ मध्ये मिसळू नका, वेगळ्या दिवशी घ्या. याने फुटवे किंवा घरं वाढणार नाहीत, आहे तो दाणा थोडा भरेल, एवढीच अपेक्षा ठेवा.

फेब्रुवारीवर मी एवढं बोलते त्याला कारण आहे. २०२२ चा मार्च देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात उष्ण मार्च ठरला. उत्तरेत तेव्हा दाणा भरत होता, तो आटला, आणि १३ मे रोजी सरकारनं गव्हाची निर्यात बंद केली. आपल्याकडचा नोव्हेंबरचा गहू तोवर सोंगून झालेला असतो, म्हणून मार्चची झळ आपल्याला उशिराच्या पेऱ्यापुरतीच बसते. पण २०२३ ला फेब्रुवारीच तसा निघाला, कमाल तापमानात १९०१ नंतरचा सगळ्यात उष्ण. फेब्रुवारी तापला की नाशिकचा सगळाच गहू त्यात सापडतो. हे पुन्हा होणारच नाही असं धरून पेरणी करू नये.

मावा रोज बघा, ढगाळ हवा झाली की विशेष. आणि तांबेरा रोग. पानावर नारिंगी-तपकिरी पुरळ दिसला आणि बोटाला भुकटी लागली की तोच. लोकवन त्याला फार नाजूक आहे.

खालच्या वावराला ९५ दिवसांच्या आसपास एक शेवटचं पाणी, वारा नसताना, आणि मग बंद. दोन्ही वावरांची सोंगणी आणि मळणी वेगळी ठेवा. घरचं बी ठेवायचं असेल तर खालच्या वावराचंच ठेवा. वाण तेच आहे, पण भरलेल्या दाण्याचा कोंब जोरकस असतो.

पुढच्या वर्षीचं वाण. लोकवन उशिरातही बरा तगतो हे लोक म्हणतात ते खोटं नाही, पोळीही चांगली होते आणि गिऱ्हाईक नावानं मागतं. पण तांबेऱ्यामुळे मी उशिराला तो घेणार नाही. ‘फुले समाधान’ म्हणजे एनआयएडब्ल्यू १९९४ वेळेवर आणि उशिरा दोन्हीला चालतो, तांबेऱ्यालाही तग धरतो. नुसत्या उशिरासाठी एनआयएडब्ल्यू ३४ जुना पण भरवशाचा आहे. उशिरा पेरताना बी वाढवा, एकरी ४० ते ५० किलोऐवजी ५० ते ६० किलो, आणि दोन ओळींत १८ सेंटिमीटर. फुटवे कमी येणार हे धरूनच रोपं जास्त ठेवायची. पेरणी एकेरीच करा, आडवी-उभी नको, नाहीतर खुरपणी-कोळपणीला जागा राहत नाही. आणि कितीही घाई असली तरी वाफशावर, यंत्रानं. यंत्र मिळत नसेल तर जुनी पाभर शोधा, फेकू नका.

पण १५ डिसेंबरच्या पुढे टोमॅटो लांबणार असं दिसलं तर त्या वावरात गहू नकोच दादा. भाव असेल तोवर टोमॅटो तोडा, ते योग्यच आहे. त्या जागी उन्हाळ कांद्याची लागवड बसते, ती डिसेंबर-जानेवारीतच असते. त्यासाठी रोप मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकून ठेवावं लागेल, पाच गुंठे बाजूला धरा.

मोहाडी_शिवार (ता. दिंडोरी)

पाणी आज सकाळी दिलं, दहाच्या आत आटोपलं. १९:१९:१९ आणून ठेवलंय, परवा फवारतो. मळणी झाली की दोन्ही वावरांचा उतारा आणि शंभर-शंभर दाण्यांचं वजन इथेच टाकतो, सोनाराच्या काट्यावर करून. कांद्याच्या रोपासाठी विहिरीजवळचा तुकडा धरलाय.

द्राक्षबाग_पिंपळगाव

दादा, वजनं नक्की टाका. ताई, माझे दहा गुंठे आता पोटरीत आहेत, तुषार शनिवारी बसवतोय. फुलोरा सुरू व्हायच्या आत एक पाणी आणि मग फुलोरा सरेपर्यंत साऱ्यानंच, बरोबर ना?

गोदाकाठची_शेतकरीण (ता. निफाड)

बरोबर काका. ओंबीच्या मधल्या भागावर पिवळे केसर लोंबताना दिसले की फुलोरा सुरू झाला असं समजा, तो मधून सुरू होऊन वर आणि खाली जातो. बहुतेक ओंब्यांवरचे केसर पांढरे पडून गळले की तुषार पुन्हा चालू करा.